काकूंचं जेड

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू २०२१ च्या मे महिन्यात मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या एक कुंडी घेऊन आमच्याकडे आल्या. तांबूस खोडाचं, नखाएवढ्या जाड गोल पानांचं, हातभर उंचीचं जेड. अकरा वर्षं त्यांनी ते खिडकीच्या जाळीत वाढवलं होतं. "तुला झाडांची हौस आहे, तुझ्याकडेच राहू दे," म्हणाल्या. जुलै संपायच्या आत ते झाड मी मारलं.

मारलं हा शब्द मी विचार करूनच लिहिते आहे. त्याला कीड लागली नव्हती, ते कुणाच्या हातून पडलं नव्हतं. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघत होते आणि रोज काहीतरी करत होते. घरात पहिल्यांदाच सक्युलंट, म्हणजे मांसल पानांची झाडं आणणाऱ्यांच्या हातून ती जातात ती बहुधा अशीच. म्हणून त्या दोन महिन्यांत काय झालं ते आधी सविस्तर सांगते.

काकूंची कुंडी साधी मातीची होती, बाहेरून क्षारांचे पांढरे चट्टे आलेली. आमच्या बैठकीच्या खोलीत ती बरी दिसेना. मी पांढऱ्या सिरॅमिकची चकचकीत कुंडी आणली. तिच्या बुडाला भोक नव्हतं. विचारलं तर दुकानात सांगितलं, "तळाशी खडे घाला, जादा पाणी तिथे उतरतं." मी दोन इंच खडे घातले, वर कोकोपीट आणि गांडूळखत भरलं आणि जेड त्यात हलवलं. जागाही बदलली. खिडकीतून ते टीव्हीशेजारच्या टेबलावर आलं. आठवड्यातून दोनदा पेलाभर पाणी घालायचं असं ठरवून टाकलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात पाऊस लागला. खिडक्या बंद, हवा दमट, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले. कपडे वाळत नाहीत त्या हवेत कुंडीतलं पाणी कुठे जाणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. महिनाअखेरीस जेडची पानं सुरकुतली, मऊ पडली, हात लागला की गळू लागली. मला वाटलं, तहानलंय. मी पाणी वाढवलं. पानं आणखी गळाली, मी आणखी पाणी घातलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खोडाला बोट लावलं तर साल आतल्या आत सरकली. उपटून पाहिलं. मुळं तपकिरी झाली होती, चिमटीत धरून ओढली की वरचं आवरण निघून यायचं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरायची. वास गटारासारखा. तळाच्या खड्यांत बोटभर काळं पाणी साचलं होतं.

काकूंना फोन करायला मला आठ दिवस लागले. त्या रागावल्या नाहीत. जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, पावसाळ्यात मी त्याला पाणीच घालत नव्हते. वाऱ्याने झड येईल तेवढीच. सांगायचं राहूनच गेलं बघ." आणि मग विचारलं, "शेंड्याची एखादी फांदी अजून कडक आहे का?"

त्या फांदीचं पुढे येईलच. "सांगायचं राहून गेलं" हे मात्र माझ्या मनातून गेलं नाही. नर्सरीतून, फुटपाथवरून, लग्नाच्या परतभेटीतून ही झाडं घरोघर पोचतात आणि देणारा एकच वाक्य सांगतो, "याला काही करावं लागत नाही." ते खरं आहे, पण अर्धवट आहे. काय करायचं नाही आणि कधी, ते सांगायचं राहून जातं.

माझी चूक जिथे झाली ती जागा नीट समजून घ्या. मुळांना हवा लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांचा श्वास कोंडतो, ती मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. मुळं गेली की कुंडीत तळं साचलेलं असलं तरी वर पानांपर्यंत थेंब पोचत नाही. पानं सुरकुततात आणि बघणाऱ्याला ते झाड अगदी तहानेने व्याकूळ दिसतं. पाण्यात बुडालेलं झाड आणि कोरडं पडलेलं झाड वरून सारखंच दिसू शकतं, आणि आपला हात सवयीने झारीकडे जातो.

फरक ओळखायला मला दोन पावसाळे लागले. खरी तहान असेल तर आधी खालची, जुनी पानं सुरकुततात, शेंडा ताठ असतो. पान पातळ होतं पण चिवट राहतं, ओढलं तरी सहज सुटत नाही. कूज असेल तर पान पिवळट, काचेसारखं, आत पाणी भरल्यासारखं दिसतं, नुसत्या धक्क्याने गळतं, आणि खोड बुडाशी काळसर मऊ लागतं. पण जेडसारख्या झाडात हा फरकही पुसट असतो. तिथे एकच परीक्षा मला कधी चकली नाही: कुंडी उचलून बघा. पानं सुरकुतलेली आणि कुंडी हलकी, तर पाणी घाला. पानं सुरकुतलेली आणि कुंडी जड, तर झारी खाली ठेवा आणि झाड त्याच दिवशी उपटून मुळं बघा. दोन-तीन दिवस थांबून बघू म्हणालात तर खोडही जाईल.

माझं माहेर जुन्नरचं. काकूंच्या फोननंतर मी आईशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "अगं, आपल्या कोरफडीला आपण कधी पाणी घातलं होतं का?" नव्हतं घातलं. परसात धुण्याच्या दगडामागे ती आपली आपण वाढायची. दारावर उलटी टांगलेली कोरफड तर तुम्हीही पाहिली असेल, माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन् महिने हिरवी. पानफुटीचंही तेच. पान वहीत ठेवलं की त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं फुटायची, कागदावरच. लहानपणी ही झाडं हाताळलेली असूनही मोठेपणी मी सक्युलंट म्हणजे काहीतरी नवं, शहरी, नाजूक असं समजून बसले होते.

पानफुटीची एक गोष्ट मला फार आवडते. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बागेतल्या पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं. त्याने हे लंडनला कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. (तुम्ही चाखून बघू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरं ती खाऊन दगावतात.) आंबटपणाचं कारण पुढे उलगडलं. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात म्हणजे पाणी उडत नाही. रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा उजेडात तो वापरतात. रात्रभर आम्ल साचतं, म्हणून सकाळचं पान आंबट. या साऱ्या पद्धतीला नाव मिळालं तेही पानफुटीच्याच कुळावरून.

हे सांगायचं कारण इतकंच की पाणी वाचवण्यासाठी ज्या झाडाने आपला श्वासदेखील रात्रीवर नेला आहे, त्याला आपण आठवड्यातून दोनदा पेलाभर पाजतो. घरात येणारी यातली कितीतरी झाडं दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिथल्या कारू प्रदेशात वर्षाला दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे ठाण्या-मुंबईत चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. शिवाय कुंडीतून पाणी नुसतं खालून निथळत नाही, ते हवेतही जावं लागतं, आणि पावसाळ्यात हवा ते घेत नाही. नाशिक, सोलापूर, संभाजीनगरकडच्या वाचकांना मी सांगते आहे तितकं कडक पथ्य लागणार नाही. कोकणपट्टीत आणि गोव्यात मात्र याहून कडक लागेल.

आता त्या खड्यांबद्दल. हा समज इतका पक्का आहे की मला अजूनही लोकांशी वाद घालावा लागतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब भिजली की मगच खाली थेंब सुटतो. म्हणजे खड्यांचा थर घातल्याने ओल्या चिखलाचा थर वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. बुडाला भोक नसेल तर खाली उतरलेलं पाणीही तिथेच सडतं. भोक नसलेली कुंडी आवडलीच असेल तर झाड साध्या भोकाच्या कुंडीत लावा आणि ती या शोभेच्या कुंडीत नुसती ठेवा. पाणी घालताना बाहेर काढा, निथळली की परत आत. मी स्वतः मातीच्याच कुंड्या वापरते. त्यांच्या अंगातून ओल बाहेर पडते. काकूंच्या कुंडीवरचे ते पांढरे चट्टे त्याचीच खूण होती, आणि मला ते कळकट दिसले.

मातीचं गणितही सोपं आहे. एक भाग पोयटा किंवा लाल माती, आणि दोन भाग पाणी न धरणारं काहीतरी: विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, धुऊन चाळलेली जाड वाळू, लाकडी कोळशाचा चुरा. परलाइट किंवा प्युमिस मिळालं तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. विटांच्या तुकड्यांनी माझं काम चार वर्षं चाललं आहे. समुद्रावरची वाळू घालू नका, तिच्यात मीठ असतं. नुसत्या कोकोपीटमध्ये तर ही झाडं ठेवूच नका. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा कोकोपीटच्या गोळ्यात असतं. आणलं की आठवडाभराने ते काढा, मुळांभोवतीचा गोळा हलक्या हाताने मोकळा करा, प्लास्टिकची जाळी गुंडाळलेली असेल तर कापून टाका आणि आपल्या मातीत लावा. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नको, तुटलेल्या मुळांना सुकायला वेळ हवा.

पाणी मोजायला मी खराट्याचा हीर वापरते. कुंडीच्या तळापर्यंत खुपसायचा, पाच मिनिटांनी काढायचा. हिराला ओल किंवा माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडा निघाला तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत मनसोक्त घालायचं, आणि मग पुन्हा हीर कोरडा निघेपर्यंत विसरायचं. रोज चमचाभर किंवा फवाऱ्याने शिंपडणं नको, त्याने वरची माती ओली आणि खालची मुळं कोरडी राहतात. दर किती दिवसांनी, असं लोक विचारतात. दिवस मोजूच नयेत. एप्रिलमध्ये जी कुंडी आठवड्यात वाळते तिलाच जुलैत महिना पुरत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी माझ्या बहुतेक कुंड्यांना एकदा किंवा दोनदाच पाणी घालते, काहींना अजिबात नाही, आणि छोटा पंखा दिवसातून तासभर त्यांच्यावर सोडते. वाहती हवा या काळात फार कामाची.

उजेडाचं एक आपल्या अक्षांशाचं वैशिष्ट्य आहे, ते इंग्रजी पुस्तकं वाचून कळत नाही. त्यांत लिहिलेलं असतं की दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली. आमच्या ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत त्या काळात ऊन शिरतच नाही, आणि नेमका तोच काळ ढगांचा. डिसेंबरात मात्र त्याच खिडकीतून ऊन खोलीच्या मध्यापर्यंत येतं. म्हणून मी कुंड्या वर्षातून दोनदा हलवते. सकाळचं कोवळं ऊन देणारी पूर्वेची खिडकी बाराही महिने चालते. पश्चिमेचं एप्रिल-मेचं ऊन पानं भाजतं. खिडकीपासून सहा फूट आत, टेबलावर, सक्युलंट फक्त हळूहळू मरतात. आधी ती उंच होतात, दोन पानांतलं अंतर वाढतं, रंग फिका पडतो. झाड वाढतंय म्हणून मला तेव्हा आनंद झाला होता. खरं म्हणजे ते उजेड शोधत होतं. असं झाड एकदम उन्हात ठेवू नका, पंधरा दिवस घेऊन सरकवा.

नवख्यांनी कुठून सुरुवात करावी याबद्दल माझं मत पक्कं आहे: हॉवर्थिया आणि स्नेक प्लांट. हॉवर्थिया, त्यातही पांढऱ्या पट्ट्यांचं, ज्याला नर्सरीत झेब्रा म्हणतात ते. मूळ रानात ते दगडांच्या आणि झुडपांच्या सावलीत वाढतं, त्यामुळे आपल्या खिडकीतला मध्यम उजेड त्याला पुरतो. वितीच्या आत मावतं, बाजूने पिल्लं देतं. स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेचं, आपल्या रानातली घोणसफण त्याच्याच भावकीतली. त्याला तर कुंडी घट्ट झाली तरी चालते. गॅस्टेरिया याच पंक्तीत बसतं. खिडकीत दोन-तीन तास ऊन असेल तर जेड घ्या. आपल्याकडे जेड म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा खरं जेड नसतं, ते पोर्टुलाकारिया असतं, दक्षिण आफ्रिकेत हत्ती ज्याच्या फांद्या खातात ते. काकूंचंही तेच होतं. ते खऱ्या जेडपेक्षा काटक आहे, हे कळल्यावर मला आणखी वाईट वाटलं.

गुलाबासारख्या निळसर-गुलाबी पानांचं इचेव्हेरिया पहिल्या वर्षी घेऊ नका. ते मेक्सिकोच्या डोंगरांतलं. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणांहून, विशेषतः कालिम्पाँगच्या नर्सऱ्यांतून रोपं येतात तेव्हा फार देखणी असतात, आणि आपल्या उकाड्याच्या रात्रींत ती टिकवणं कठीण जातं. तसा गुलाब हवाच असेल तर ग्रॅप्टोपेटलम घ्या, करड्या-जांभळ्या छटेचं. त्याचं पडलेलं पानसुद्धा रुजतं. लिथॉप्स, म्हणजे गारगोटीसारखं दिसणारं झाड, हे अनुभवी हातांचं काम आहे. जुनं पान आतल्या नव्या पानाला सुकून पाणी देत असताना आपण वरून पाणी घातलं की ते फुटतं. हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा असतो ते कॅक्टस दोन झाडांचं कलम असतं. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या खुंटावर जगतो, आणि बहुतेकदा काही वर्षांतच दोन्ही जातात. निळा, सोनेरी रंग फवारलेली झाडं आणि वर गोंदाने चिकटवलेले खडे असलेल्या कुंड्या मात्र कुणीच घेऊ नयेत. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही आणि गोंदामुळे पाणी नीट आत जात नाही.

"हवा शुद्ध करतं" म्हणून जादा पैसे मोजू नका. त्या दाव्याच्या मुळाशी १९८९ चा नासाचा अभ्यास आहे आणि तो लहान बंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा निघालं की घरात एरवी खेळत्या हवेने जेवढं होतं, तेवढं करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. झाड देखणं आहे, एवढं कारण घ्यायला पुरेसं आहे.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, दर चार दिवसांनी, तीन-चार वेळा, आणि ती कुंडी तोवर बाकीच्यांपासून दूर ठेवा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर शेराच्या आणि त्रिधारी निवडुंगाच्या जातीची झाडं आणू नका. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते.

आणखी एक विनंती, माझ्या माहेरच्या वतीने. शिवनेरीच्या कड्यांवर शिवसुमन नावाचं एक मांसल खोडाचं छोटं झाड आहे, तपकिरी-लाल फुलांवर पिवळ्या खुणा असलेलं. ते महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच सापडतं, आणि थोड्याच जागी. १८६० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. सक्युलंटचा छंद वाढला तसे काही जण गडांवरून अशी झाडं उपटून आणू लागले आहेत. कड्यावरचं झाड कड्यावर राहू द्या.

आता ती फांदी. काकूंनी सांगितलं तसं मी जेडच्या शेंड्याच्या चार फांद्या स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापल्या. काप पांढरट-हिरवा स्वच्छ हवा, मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापायचं, कारण कूज तिथवर पोचलेली असते. दोन फांद्यांत तो ठिपका शेंड्यापर्यंत गेला होता, त्या टाकाव्या लागल्या. उरलेल्या दोन मी सात दिवस सावलीत नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवल्या, कापावर कोरडी खपली धरेपर्यंत. मग कोरड्या मातीत खोचल्या आणि तीन आठवडे पाणी घातलं नाही. ऑगस्ट संपता संपता फांदी हलकेच ओढून पाहिली तर ती मातीला धरून होती.

त्यातली एक आता फूटभर झाली आहे, पूर्वेच्या खिडकीत, काकूंच्या त्याच चट्टे पडलेल्या कुंडीत. दुसरी मी २०२३ च्या दिवाळीत पुण्याला काकूंना नेऊन दिली. माझ्या हॉवर्थियाची पिल्लं ओळखीतल्या नऊ घरांत गेली आहेत. प्रत्येक कुंडीसोबत मी खराट्याचा एक हीर देते. तुम्हीही कुणाला सक्युलंट भेट द्याल तेव्हा कुंडीच्या बुडाला भोक आहे ना ते बघा, सोबत हीर द्या, आणि पावसाळ्यात पाणी घालायचं नाही हे दारात उभं राहून, तोंडाने सांगा.